गोळी काम करेनाशी का होते?

प्रश्न : माझ्या मेहुण्यांना चार वर्षांपूर्वी क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया (सीएमएल) हा रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. इमॅटिनिबच्या रोजच्या गोळीवर त्यांची प्रकृती उत्तम होती. मागच्या दोन तपासण्यांत मात्र रक्तातील आजाराचे प्रमाण दाखवणारा आकडा वाढत गेला आणि नंतरच्या चाचणीत ‘टी३१५आय’ नावाचे म्युटेशन (जनुकातील बदल) आढळले. नातेवाइकांचे म्हणणे असे, की इतकी वर्षे एकच औषध घेतल्याने शरीराला त्याची सवय झाली. अधूनमधून खंड घेतला असता तर ही वेळ आली नसती. हे खरे आहे का? की गोळीमुळेच म्युटेशन झाले? (एक वाचक, यवतमाळ)

उत्तर : दोन्ही तर्क चुकीचे आहेत, आणि खंड घेण्याचा सल्ला तर घातकच आहे. हे कशावरून म्हणायचे, ते समजण्यासाठी या आजाराचा आणि त्यावरील संशोधनाचा थोडा इतिहास पाहावा लागेल.

या आजारात ९ व्या आणि २२ व्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलतात. त्यातून तयार होणारे आखूड गुणसूत्र पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांनी १९६० मध्ये फिलाडेल्फियात प्रथम नोंदवले. ही अदलाबदल असल्याचे जॅनेट राऊली यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले. या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल हे जोडजनुक निर्माण होते आणि त्यापासून बनणारे प्रथिन पेशीला ‘विभाजित हो’ असा आदेश अखंड देत राहते. इमॅटिनिब या प्रथिनाच्या खाचेत बसून तो आदेश बंद पाडते. अमेरिकेत मे २००१ मध्ये या औषधाला मान्यता मिळाली आणि त्याचे स्वागत एखाद्या चमत्कारासारखे झाले, तेही अकारण नव्हते. मात्र आजार पुढच्या, तीव्र अवस्थेत गेलेल्या रुग्णांमध्ये काही महिन्यांतच तो उलटू लागल्याचे त्याच सुमारास दिसत होते.

लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात काम करणारे चार्ल्स सॉयर्स आणि त्यांच्या सहकारी मर्सिडीज गॉर यांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. शक्यता अनेक होत्या: पेशी औषध बाहेर फेकत असेल, किंवा बीसीआर-एबीएलची गरजच संपून दुसऱ्याच एखाद्या जनुकाने सूत्रे हाती घेतली असतील. दुसरी शक्यता खरी ठरली असती, तर या प्रथिनाविरुद्ध आणखी औषधे शोधणे व्यर्थ होते. म्हणून त्यांनी आधी एक साधा प्रश्न विचारला: आजार उलटलेल्या रुग्णांच्या पेशींत हे प्रथिन अजून बंद आहे, की पुन्हा चालू झाले आहे? उत्तर मिळाले, पुन्हा चालू झाले आहे. ९ रुग्णांच्या पेशींतील हे जनुक तपासले तेव्हा ६ जणांत एकच बदल सापडला. प्रथिनाच्या ३१५ व्या जागेवरील थ्रिओनिन या अमिनो आम्लाऐवजी तेथे आयसोल्युसिन आले होते. इमॅटिनिबला ज्या थ्रिओनिनचा आधार घेऊन खाचेत टिकायचे असते, तेच नाहीसे झाले आणि त्या जागी अडथळा करणारा अवजड गट आला. आपल्या मेहुण्यांच्या अहवालातील ‘टी३१५आय’चा अर्थ हाच, आणि या बदलाला डीएनएतील एकच अक्षर बदलणे पुरते. ३ रुग्णांत मूळ जनुकाच्याच प्रती वाढलेल्या होत्या. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचे खरे मोल मला असे वाटते, की शत्रू बदललेला नाही, त्याने फक्त पवित्रा बदलला आहे, हे त्यातून निर्विवादपणे कळले आणि पुढच्या औषधांची दिशा ठरली.

आता आपला मुख्य प्रश्न. पेशी विभाजित होताना सुमारे ३ अब्ज अक्षरांच्या जनुकसंचाची नक्कल होते आणि तीत अधूनमधून चुका राहतात. निदानाच्या वेळी शरीरात अशा पेशी अब्जावधी असल्याने, एखाद्या पेशीत ३१५ व्या जागेची चूक औषध सुरू होण्यापूर्वीच झालेली असू शकते. सॉयर्स यांच्या गटासह इतर संशोधकांना काही रुग्णांच्या उपचारांपूर्वीच्या नमुन्यांतही प्रतिकारक म्युटेशने सापडली. इतर काही रुग्णांत ती उपचार चालू असताना, उरलेल्या पेशींत होतात. पण तेव्हाही औषध ती घडवत नाही. जीवाणूंबाबत हेच तत्त्व साल्व्हादोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये सिद्ध केले होते: विषाणूला दाद न देणारे जीवाणू विषाणूशी गाठ पडण्याआधीच त्या वसाहतीत असतात. आपल्या यवतमाळच्या कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचेही तेच झाले. बीटी वाणाने अळीला काही शिकवले नाही. ज्या थोड्या अळ्या मुळातच तगू शकत होत्या, त्यांना रान मोकळे मिळाले.

सवय होते ती शरीराला नव्हे. पेशींच्या लोकसंख्येची रचना बदलते. खंड घेतला तर संवेदनशील पेशीही पुन्हा वाढू लागतात, विभाजने वाढतात आणि नव्या चुकांना तेवढ्याच अधिक संधी मिळतात. म्हणून गोळी चुकवू नये, असे डॉक्टर पुनःपुन्हा बजावतात. आपल्या मेहुण्यांनी ती नेमाने घेतली असेल, तर कोणीही त्यांना दोष देण्याचे कारण नाही.

पुढील उपायांबाबत थोडक्यात. सॉयर्स आणि नील शाह यांच्या कामातून पुढे आलेले डॅसॅटिनिब २००६ मध्ये उपलब्ध झाले आणि ते अनेक म्युटेशनांवर चालते, पण टी३१५आयवर नाही. त्यावर चालणारे पोनॅटिनिब २०१२ मध्ये आले. रक्तवाहिन्यांत गुठळी होण्याचा धोका असल्याने ते जपून द्यावे लागते. त्यानंतरचे अॅसिमिनिब २०२१ चे असून ते प्रथिनाच्या वेगळ्याच कप्प्यात बसते; टी३१५आय असल्यास त्याची मात्रा बरीच जास्त लागते. काही रुग्णांत अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचाही विचार होतो. यांपैकी काय योग्य, हे वय, हृदयाची स्थिती आणि आजाराची अवस्था पाहून रक्तविकारतज्ज्ञच ठरवतील. तोवर इमॅटिनिब स्वतःहून बंद करू नये.

प्रश्न : क्षयरोगात चार औषधे एकदमच देतात, ती प्रतिकार टाळण्यासाठीच ना? मग कर्करोगात तसे का करत नाहीत? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तर्क अगदी योग्य आहे. परंतु क्षयरोगाची औषधे जंतूवर निरनिराळ्या ठिकाणी आघात करतात, तर इमॅटिनिब, डॅसॅटिनिब आणि निलोटिनिब ही तिन्ही एकाच खाचेत बसतात. टी३१५आय तिघांनाही अडवतो, त्यामुळे तिन्ही एकत्र दिली तरी ती वाट उघडीच राहते आणि दुष्परिणाम मात्र वाढतात. शिवाय सुरुवातीच्या अवस्थेत इमॅटिनिब सुरू केलेल्या रुग्णांच्या दीर्घ पाहणीत १० वर्षांनी सुमारे ८३ टक्के रुग्ण हयात होते. एवढ्या यशस्वी एकट्या औषधात भर घालण्यासाठी कारणही तसेच सबळ लागते. वेगळ्या कप्प्यात बसणारे अॅसिमिनिब जुन्या औषधाबरोबर देऊन पाहण्याचे प्रयोग मात्र चालू आहेत.

घन गाठींच्या कर्करोगांत चित्र अधिक गुंतागुंतीचे असते. सॉयर्स यांनी पुढे प्रोस्टेटच्या कर्करोगाकडे लक्ष वळवले. संप्रेरक रोखूनही हा आजार परत का येतो, याचे एक कारण त्यांना संप्रेरक-ग्राहकाच्या (संप्रेरकाचा संदेश स्वीकारणाऱ्या पेशीतील प्रथिनाच्या) वाढलेल्या प्रमाणात सापडले आणि त्यातून निघालेल्या एन्झालुटामाइडला २०१२ मध्ये मान्यता मिळाली. या औषधालाही काही गाठी पुढे दाद देईनाशा झाल्या. त्यांपैकी काहींत वेगळाच ग्राहक तेच काम करू लागल्याचे आढळले, म्हणजे ल्युकेमियात जी शक्यता खोटी ठरली होती, ती इथे खरी निघाली. प्रत्येक कर्करोगासाठी औषधांची जोडी वेगळी शोधावी लागते, ती यामुळेच.

प्रश्न : वडिलांना सीएमएल आहे आणि तपासणीत म्युटेशनही निघाले आहे. आम्हा भावंडांना धोका आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. बीसीआर-एबीएल आणि त्यातील नंतरची म्युटेशने अस्थिमज्जेतील पेशींत जन्मानंतर होतात, बीजपेशींत नव्हे. त्यामुळे ती वारशाने उतरत नाहीत. केवळ वडिलांना हा आजार आहे म्हणून आपण भावंडांनी ही चाचणी करून घेण्याची गरज नाही.