समुद्राकाठचं छोटं स्टेशन आणि तो तिसरा रूळ

प्रश्न : ताई नमस्कार. माझा मुलगा लिव्हरपूलजवळ क्रॉसबीला असतो, आम्ही दोघं जूनमध्ये तीन महिन्यांसाठी त्याच्याकडे जाऊन राहणार आहोत. घरापासून हॉल रोड नावाचं लहानसं स्टेशन दहा मिनिटांवर आहे. मुलगा दिवसभर ऑफिसात, तो म्हणतो आई तुम्ही दोघं आपले आपले फिरा, काही टेन्शन नाही. पण माझे गुडघे दुखतात आणि इंग्रजीही जेमतेम. यजमान रेल्वेतून रिटायर झालेत, त्यांनी स्टेशनचा फोटो पाहिला तर वर तारच नाही, ते म्हणतात गाडी डिझेलवरची असेल. आम्ही एकटं जावं का? – एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : काकू, बिनधास्त जा. पण काकांचा प्रश्न आधी घेते, कारण सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. गाडी डिझेलवरची नाही, विजेवरचीच आहे, फक्त वीज वरून येत नाही, खालून येते. दोन रुळांच्या बाजूला एक तिसरा रूळ असतो, थोडा उंच, इन्सुलेटरवर बसवलेला, आणि त्यात ७५० व्होल्टचा डीसी करंट असतो. गाडीच्या खालचा बूट त्या रुळाला घासत जातो आणि गाडी चालते. दिसायला तो अगदी साध्या लोखंडासारखा, ना ठिणगी ना आवाज.

आपल्याला लहानपणापासूनची सवय, छोटं स्टेशन म्हटलं की उतरा रुळावर आणि जा पलीकडे, इतवारीच्या नॅरोगेजला तर लोक गाठोडी घेऊन उलट्या बाजूने उतरायचे, मीही उतरलीय. तिकडे हे चालत नाही काकू, एकदासुद्धा नाही. मी दोन वर्षांपूर्वी बहिणीकडे गेली होती तेव्हा याच लाईनवर वाऱ्याने माझा स्कार्फ उडून रुळावर पडला, हात लांबवला तर पोचेल इतक्या जवळ, आणि मी वाकली पण, तेवढ्यात स्टेशनवरचा माणूस ओरडतच पळत आला. मग त्याने लांब दांड्याचा चिमटा आणून स्कार्फ काढून दिला, माझे पाय नंतर कितीतरी वेळ थरथरत होते. म्हणून सांगते, चष्मा पडो की मोबाईल पडो, स्टाफला सांगायचं. या लाईनवरच्या बहुतेक स्टेशनांवर पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत माणूस असतो, तोच तिकीटही देतो, त्यामुळे मशीनशी झटायची गरज नाही. नुसतं ‘लिव्हरपूल सेंट्रल, टू, रिटर्न’ म्हणा, काम होतं.

काकांना आवडेल असं अजून एक सांगते. ही लाईन १८४८ ची आहे, म्हणजे बोरीबंदर-ठाणे गाडीच्याही पाच वर्षं आधीची आणि नागपूरला गाडी आली ती तर १८६७ ला. विजेवर ती १९०४ लाच गेली, मुंबईत विजेची गाडी धावली १९२५ ला. पुढच्याच वर्षी, २७ जुलै १९०५ ला याच हॉल रोडला विजेची एक्सप्रेस उभ्या रिकाम्या गाडीवर आदळली आणि वीस माणसं गेली. एवढुशा स्टेशनच्या नावावर एवढं मोठं दुःख आहे, तिथे उभं राहिलं की मला तेच आठवायचं.

गुडघ्यांचं म्हणाल तर २०२३ पासून तिकडे नव्या गाड्या यायला लागल्या, दार उघडलं की खालून एक पायरी सरकत बाहेर येते आणि मधली फट भरते, उंच चढावं लागत नाही. दिवसा साधारण दर पंधरा मिनिटांनी गाडी असते, म्हणून एक सुटली तर पळू नका.

आणि समुद्र बघायला जाच. स्टेशनवरून सरळ पश्चिमेला चालत राहा, पंधराएक मिनिटांत वाळू लागते. तिथे अँटनी गॉर्मली या शिल्पकाराचे शंभर लोखंडी पुरुष उभे आहेत, एकेक साडेसहाशे किलोचा, जवळपास तीन किलोमीटर पसरलेले, सगळ्यांचं तोंड समुद्राकडे. ओहोटीला पायापर्यंत उघडे असतात आणि भरती आली की छातीपर्यंत, मग काही तर दिसेनासेच होतात. एकाच्या पोटावर मी हात ठेवला होता, गंज खरखरीत आणि खाली शिंपले चिकटलेले. आपण नागपूरची माणसं, आपला समुद्र म्हणजे फुटाळा आणि अंबाझरी, भरतीचा अंदाजच नसतो आपल्याला. तिकडे मोठ्या उधाणाला पाणी आठ मीटरच्या वर चढतं, म्हणजे घराचे दोन-अडीच मजले, आणि सपाट वाळूवरून ते मागूनही वेढा घालतं. शिवाय पुढे चिखल आहे, पाय रुततो. म्हणून काठाजवळचे पुतळे बघा, दूरच्यांच्या मागे जाऊ नका, आणि भरतीची वेळ मुलाला सकाळीच विचारून घ्या. जूनमध्ये सूर्य तिथे रात्री पावणेदहाच्या आसपास मावळतो, तेव्हा जेवण करून मुलाला घेऊनच जा. स्वेटर हवाच, जून असला तरी.

प्रश्न : इंग्लंडचे रूळ आपल्या ब्रॉडगेजएवढेच असतात का? – अकरावीतला विद्यार्थी, कामठी

उत्तर : नाही रे, दोन रुळांमधलं अंतर तिकडे कमी असतं. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, तिकडचं १४३५. बघायला फार लांब जायला नको, आपली नागपूर मेट्रो १४३५ वरच चालते, सीताबर्डीला प्लॅटफॉर्मवर उभा राहून वरूनच बघ. आणि मोतीबागेतल्या नॅरोगेज म्युझियमला गेलास तर ७६२ वालं पण दिसेल, तिथे रूळाजवळ बसून वीत लावून मोजता येतं.