तेलवाले देश एकी करून भाव कसे हलवतात? मग सोयाबीनवाल्यांना ते का जमत नाही?

परभणीहून तुम्ही विचारलंय की, तेलवाले देश बैठक घेतात आणि जगाचा भाव हलतो, तर हे नेमकं कसं करतात. आपल्या सोयाबीनवाल्यांना तशी एकी का जमत नाही. आणि तिकडे तेल उतरलं तरी परभणीत पेट्रोल का उतरत नाही. तिन्हींची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत.

आधी एक गैरसमज दूर करतो. ओपेक, म्हणजे तेल निर्यात करणाऱ्या देशांची संघटना, आज भाव ठरवत नाही. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत ठरवत होती: अरब लाइट या सौदी तेलाचा दर जाहीर व्हायचा आणि बाकीचे त्याच्या खालीवर आपले दर लावायचे. आता भाव ठरतो लंडनच्या ब्रेंट आणि न्यूयॉर्कच्या डब्ल्यूटीआय वायद्यांत, आणि आशियात येणाऱ्या आखाती तेलाचा मुख्यतः ओमान-दुबईच्या दरावरून. देशांच्या हातात आहे ती फक्त आवक. साखरेचा मासिक विक्री कोटा तुम्हाला माहीत असेल. जून २०१८ पासून केंद्र सरकार प्रत्येक कारखान्याला महिन्याला किती साखर विकायची ते ठरवून देतं. गोदाम भरलेलं असलं तरी बाजारात येते ती मोजून. ओपेकचं काम याच जातीचं आहे. पण साखरेत कोटा मोडणाऱ्याला विचारणारं सरकार वर बसलेलं आहे. स्वतंत्र देशांच्या वर कुणी नाही. त्यांची सगळी यंत्रणा ही एक उणीव भरून काढण्यासाठी उभी राहिली आहे, आणि ती कुठे मोडते हेही तिथेच कळतं.

थोडीशी कपात एवढा भाव कशी हलवते? जग रोज १० कोटी बॅरलहून जास्त तेल वापरतं. एक बॅरल म्हणजे सुमारे १५९ लिटर. डिझेल पाच रुपयांनी महागलं म्हणून पेरणीचा ट्रॅक्टर बांधावर उभा राहत नाही, ऊस वाहणारा ट्रक थांबत नाही. वापर लगेच कमी होत नाही, त्यामुळे एकदोन टक्के माल कमी पडला तरी भाव त्याच्या कितीतरी पट चढतो. माल उरला तर तो तितक्याच जोरात कोसळतो, कारण तेल ठेवायला टाक्या लागतात आणि त्या भरतात. २० एप्रिल २०२० ला न्यूयॉर्कचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. करार हातात असलेल्याला तेल ताब्यात घ्यावं लागणार होतं आणि ठेवायला जागा मिळत नव्हती, म्हणून लोक पैसे देऊन करार दुसऱ्याच्या गळ्यात घालत होते.

ही युक्ती मूळची अरबांची नाही, टेक्सासची आहे. १९३१ मध्ये पूर्व टेक्सासात इतकं तेल निघालं की काही सौदे बॅरलला १० सेंटच्या आसपास झाले. तेव्हा टेक्सास रेलरोड कमिशन या सरकारी खात्याने विहीरवार उपशाची मर्यादा घातली, आणि ती पाळायला लावण्यासाठी राज्यपालांनी सैनिक पाठवले. व्हेनेझुएलाचे मंत्री हुआन पाब्लो पेरेझ अल्फोन्सो यांनी हाच नमुना डोळ्यांसमोर ठेवला. परदेशी कंपन्यांनी १९५९ आणि ऑगस्ट १९६० मध्ये देशांना न विचारता जाहीर दर उतरवले, त्यावर सप्टेंबर १९६० मध्ये बगदादला इराण, इराक, कुवेत, सौदी अरेबिया आणि व्हेनेझुएला यांनी ओपेक स्थापन केली. देशवार कोटे मात्र १९८२ मध्येच आले. १९७३ च्या ऑक्टोबरात झालेली तेलबंदी ओपेकने केली असं सर्रास लिहिलं जातं. ती अरब तेल देशांच्या वेगळ्या संघटनेची होती. तरी तीन डॉलरचं तेल जानेवारी १९७४ मध्ये साडेअकराच्या वर गेलं, कारण जाहीर दर वाढवण्याचं काम त्याच सुमारास ओपेकचे आखाती सदस्य करत होते.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते बघू. खरी भांडणं इथेच होतात.

कपात करायची तर आधी 'कशातून' हे ठरवावं लागतं. प्रत्येक देशाला एक आधारपातळी मिळते आणि त्यातून टक्केवारी वजा होते. एप्रिल २०२० मध्ये मागणी ढासळली तेव्हा सौदी आणि रशिया दोघांची पातळी १ कोटी १० लाख बॅरल धरली, बाकी बहुतेकांची ऑक्टोबर २०१८ चं उत्पादन. त्यातून सुमारे २३ टक्के कापायचे होते; म्हणजे सौदी आणि रशियाने प्रत्येकी साधारण ८५ लाखांवर यायचं. सगळ्यांची मिळून कपात रोज ९७ लाख बॅरल, आजवरची सर्वांत मोठी. त्यातही मेक्सिकोने ४ लाखांची कपात नाकारली आणि १ लाखावर तडजोड होईपर्यंत चार दिवस गेले.

म्हणून टक्केवारीपेक्षा आधारपातळीवर जास्त ओढाताण होते. ती पातळी म्हणजे सातबाऱ्यावरचं क्षेत्र. एकदा कमी लागलं की पुढचं सगळं वाटप कमी. जुलै २०२१ मध्ये अमिरातीने बैठक रोखून धरली. नवीन विहिरींवर पैसा घातलाय आणि पातळी मात्र जुनीच, ३१ लाख ६८ हजार, ही त्यांची तक्रार होती. मागितले ३८ लाख, मे २०२२ पासून मिळाले ३५. अंगोलाचं उलट झालं. त्यांचं उत्पादन घसरत होतं, म्हणून २०२४ साठी पातळी ११ लाख १० हजारांवर आणली. अंगोलाने ती मानली नाही आणि १ जानेवारी २०२४ पासून ओपेक सोडली. कतार २०१९ मध्ये आणि इक्वेडोर २०२० मध्ये आधीच बाहेर पडले होते.

कोटा ठरला की मोजणी. कालव्याच्या पाळीला प्रत्येक जण म्हणतो की मी माझ्याच तासांत पाणी घेतलं, आणि टेलच्या शेतापर्यंत पाणी पोचत नाही. तेलातही तेच. म्हणून देशाने स्वतः सांगितलेला आकडा धरत नाहीत. बाहेरच्या काही संस्थांचे अंदाज घेऊन त्यांची सरासरी काढतात. टँकर किती भरले, उपग्रहातून टाक्या किती भरलेल्या दिसतात, यावर हे अंदाज बांधलेले असतात. कोणत्या संस्था धरायच्या यावरही राजकारण चालतं: मार्च २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेला वगळलं, आणि २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या ऊर्जा माहिती खात्याला. पाळणूक तपासायला सौदी आणि रशियाच्या अध्यक्षतेखाली मंत्र्यांची एक देखरेख समिती आहे. कुणी जास्त उपसलं तर पुढच्या महिन्यांत तेवढं जास्त कापून भरपाई करायची, असा नियम २०२० पासून आहे. दंड नाही, जप्ती नाही.

पळवाटा पण आहेत. वायूबरोबर निघणारं हलकं द्रव तेल रशियाच्या कोट्यात धरत नाहीत. कोटा उत्पादनावर आहे, निर्यातीवर नाही. इराकला युद्धानंतरच्या उभारणीसाठी पैसा हवा म्हणून तो कोटा वारंवार ओलांडतो. कझाकस्तानची अडचण वेगळी आहे. तिथलं तेंगिझ क्षेत्र शेवरॉनच्या नेतृत्वाखालचा गट चालवतो, २०२५ च्या सुरुवातीला त्याचा विस्तार सुरू झाला, आणि परदेशी कंपनीला 'थांबा' म्हणणं सरकारला सोपं नाही. तोटी बंद करणं सगळीकडे सारखं नसतं हेही ध्यानात घ्या. सौदीची मोठी क्षेत्रं कमीजास्त करता येतात. सायबेरियातली जुनी विहीर कडाक्याच्या थंडीत बंद केली तर पुन्हा पूर्ववत चालू होईलच असं नाही.

मग एकी टिकते कशामुळे? सौदीच्या धाकामुळे, असं माझं स्पष्ट मत आहे. १९८० च्या सुमारास सौदी रोज सुमारे १ कोटी बॅरल काढत होता. बाकीचे कोटे मोडत राहिले, भाव सावरायला सौदी एकटा कापत राहिला आणि १९८५ च्या उन्हाळ्यात २५ लाखांच्याही खाली आला. मग त्याने धोरण फिरवलं. गिऱ्हाइकाला सांगितलं की तुमच्या रिफायनरीतून निघालेल्या मालाला जो भाव येईल, त्यातून शुद्धीकरणाचा आणि वाहतुकीचा खर्च वजा करून उरेल तेवढंच द्या. रिफायनरीचा नफा पक्का झाला, सगळ्यांनी सौदी तेल उचललं, आणि २७-२८ डॉलरचं तेल १९८६ मध्ये १० च्या आसपास आलं. मार्च २०२० मध्ये रशियाने कपातीला नकार दिल्यावर सौदीने पुन्हा स्वस्तात तेल बाजारात ओतलं. महिन्याभरात रशिया परत टेबलावर. हे करता येतं कारण बंद ठेवलेली पण थोड्या काळात चालू करता येईल अशी क्षमता सर्वांत जास्त सौदीकडेच आहे. दुष्काळात भरलेली विहीर ज्याच्याकडे, त्याचं गावात ऐकतात.

एकट्या ओपेकचं बळ पुरेनासं झालं ते अमेरिकेच्या शेल तेलामुळे, म्हणजे घट्ट खडक फोडून काढलेल्या तेलामुळे. २०१४ च्या नोव्हेंबरात ओपेकने कपात टाळून शेलवाल्यांना दमवायचा प्रयत्न केला. जानेवारी २०१६ मध्ये भाव ३० डॉलरखाली गेला, शेलवाले टिकले आणि ओपेकच्याच देशांचे अर्थसंकल्प फाटले. त्यातून डिसेंबर २०१६ मध्ये रशियासह बाहेरच्या ११ देशांशी करार झाला आणि सुमारे १८ लाख बॅरल कापले. यालाच ओपेक प्लस म्हणतात. २०२३ पासून आठ देशांनी कोट्यातल्या कपातीखेरीज आणखी 'स्वेच्छा' कपाती केल्या. त्यातली २२ लाखांची कपात त्यांनी एप्रिल २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सप्टेंबरपर्यंत मागे घेतली, कारण त्यांनी तेल अडवून धरलं तेवढ्यात अमेरिका, ब्राझील आणि गयाना यांनी आपला माल वाढवला होता. भाव धरला की दुसऱ्याचा हिस्सा वाढतो, ही कपातीची किंमत आहे.

आता सोयाबीन. तेल जमिनीत राहिलं तर सडत नाही आणि त्याला भाडंही नाही. सोयाबीनला १२ टक्के ओलाव्याची अट आहे, गोदाम लागतं, आणि पीककर्जाची तारीख थांबत नाही. तेलात वीस-बावीस सरकारं एका खोलीत बसतात. सोयाबीनमध्ये लाखो खातेदार आहेत. त्यांची सगळ्यांची एकी झाली असं धरलं, तरी जगातलं बहुतेक सोयाबीन ब्राझील, अमेरिका आणि अर्जेंटिनात पिकतं, आणि आपला देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. लातूरच्या बाजारातली आवक थांबली तर गिरणीवाला थोडे दिवस अडेल. पाम आणि सोया तेलाची जहाजं अडणार नाहीत. सोयाबीनची खरी तोटी दिल्लीत आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० टक्के केलं आणि मे २०२५ च्या शेवटी ते १० टक्क्यांवर आणलं. एकी करायचीच तर ती त्या शुल्कासाठी करा. आणि माल थांबवायचा असेल तर बाजार समितीची शेतमाल तारण योजना बघा: मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा महिन्यांसाठी, ६ टक्के व्याजाने. सगळ्याच समित्या ती चालवत नाहीत, म्हणून काढणीआधी चौकशी करा.

पेट्रोलचा हिशोब असा. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर बॅरलमागे एक डॉलर म्हणजे ८५ भागिले १५९, लिटरला साधारण ५३ पैसे. १० डॉलर उतरले तर सव्वापाच रुपये उतरायला हवेत. ते उतरत नाहीत, कारण मधली जागा कर आणि कंपन्यांचा नफा-तोटा भरून काढतात. मे २०२० मध्ये तेल मातीमोल असताना केंद्राने पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये शुल्क वाढवलं. एप्रिल २०२५ मध्ये शुल्क २ रुपयांनी वाढलं आणि पंपावरचा दर हललाही नाही. परभणीत दर राज्यात चढा राहत आलाय त्याचं कारण मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोपासूनचं तीनशेहून जास्त किलोमीटरचं टँकर भाडं. त्याचा ओपेकशी संबंध नाही.

पुढच्या वेळी '२० लाखांची कपात' अशी बातमी दिसली की आधी बघा, तो आकडा कोट्यातला आहे की प्रत्यक्ष उत्पादनातला. ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर केले २० लाख, पण बरेच देश आधीच कोट्याच्या खाली होते, म्हणून खरी कपात निम्म्याच्या आसपासच. मग सौदी अराम्को या सौदीच्या सरकारी तेल कंपनीने आशियासाठी पुढच्या महिन्याचा फरकदर, म्हणजे मूळ दरावर किती जास्त किंवा कमी घ्यायचं ते, वाढवला की उतरवला ते बघा; तो दर महिन्याच्या ५ तारखेच्या सुमारास येतो आणि ओमान-दुबईच्या सरासरीवर लागतो. ब्रेंटच्या बातमीऐवजी भारतीय टोपलीचा, म्हणजे भारत घेतो त्या तेलांचा मिळून काढलेला सरासरी दर धरा. पेट्रोलियम मंत्रालयाचा नियोजन व विश्लेषण कक्ष तो संकेतस्थळावर देतो, आणि त्यात तीन चतुर्थांशाहून जास्त वजन ओमान-दुबईच्या जास्त गंधकाच्या तेलाचं असतं.