न्यू जर्सीतल्या जुन्या, डक्ट (हवा वाहून नेणारे मार्ग) नसलेल्या घरात मिनी स्प्लिट, म्हणजे गार आणि गरम दोन्ही करणारा स्प्लिट एसी, बसवणं फायद्याचं आहे का?

आहे. पण हातातलं कोटेशन आधी बाजूला ठेवा. तुम्ही लिहिलंय: रेडिएटरवालं जुनं घर, हॉल आणि तीन बेडरूम, कंत्राटदार म्हणतो बाहेर ३६,००० बीटीयूचं (बीटीयू म्हणजे दर तासाच्या क्षमतेचं माप) एकच युनिट, आत चार हेड, म्हणजे खोल्यांमधली चार युनिटं. हे असं कोटेशन दिसलं की माझं डोकं फिरतं.

१२ बाय १२च्या बेडरूमला उन्हाळ्यातही २,५००-३,००० बीटीयू पुरतात. सहसा मिळणारं लहानात लहान हेड ६,०००चं, म्हणजे सुरुवातच दुपटीने. त्यात एवढा मोठा मल्टी, म्हणजे अनेक हेड चालवणारं एकच बाहेरचं युनिट, कितीही मंदावला तरी बरेचदा १०,०००च्या आसपास अडतो. रात्री एकच खोली चालू असेल तर कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होत राहतो. इन्व्हर्टरची, म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणाऱ्या कॉम्प्रेसरची, सगळी कमाई संथ आणि सलग चालण्यात असते, तीच बुडते. कॉइल नीट गार व्हायच्या आत मशीन थांबतं, दमटपणा निघत नाही. खोली गार आणि चादर चिकट. हिवाळ्यात आणखी एक गंमत: बंद हेडमध्ये गॅस साचू नये म्हणून बहुतेक मल्टी तिथूनही थोडा फिरवत ठेवतात. रिकामी खोली तुमच्या पैशाने तापते.

‘टन (एसीची क्षमता) जास्त तेवढं बरं’ हे आपण पुण्या-मुंबईहून सोबत आणलेलं खूळ आहे, आणि इथले कंत्राटदार चौरस फुटांवर टन मोजून त्याला खतपाणी घालतात. खोलीनिहाय ‘मॅन्युअल जे’ हिशेब मागा, म्हणजे प्रत्येक खोलीला किती गारवा-उष्णता लागते त्याचा ठरलेल्या पद्धतीचा हिशेब. देत नसेल तर दुसरा माणूस बघा.

मी असं करेन: हॉलला ९,००० किंवा १२,०००चं स्वतंत्र युनिट, एक बाहेर एक आत. तिन्ही बेडरूमना मिळून स्लिम डक्टचं एक छोटं युनिट, पॅसेजच्या फॉल्स सीलिंगमध्ये. डक्टलेसच्या प्रश्नाला डक्टचं उत्तर, हो! पण हा डक्ट आखूड आणि घराच्या आतच राहतो. तापत्या-गोठत्या अ‍ॅटिकमधून नेलेल्या डक्टमध्ये ३० टक्क्यांपर्यंत ऊर्जा वाया जाऊ शकते; ती वाचवायलाच तर हा खटाटोप. तोशिबाने १९६१ साली जपानमध्ये स्प्लिट आणला. माणूस बसलाय तेवढीच खोली गार किंवा गरम करायची, ही तिथल्या घरांची रीत, आणि या मशीनचं बळही त्यातच आहे.

बसवताना कामगारावर नजर ठेवा. फ्लेअर, म्हणजे तांब्याच्या नळीची पसरट तोंडं जिथे नटाने जोडतात ते सांधे, टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोरावर आवळणारा पाना) आवळायचे; पाव इंची नटाला साधारण १४-१८ न्यूटन मीटर. कमी आवळला तर गळती, जास्त आवळला तर फ्लेअर चिरतो. मग नळ्यांमध्ये नायट्रोजन भरून ५०० पीएसआयच्या आसपास दाब धरून बघायचा. त्यानंतर व्हॅक्यूम पंप लावून ५०० मायक्रॉनच्या (निर्वात किती खोल आहे त्याचं माप) खाली जायचं, पंप बंद करून काटा वर चढत नाही ना ते पाहायचं. ‘थोडा गॅस सोडून हवा काढतो’ म्हणाला तर थांबवा. आत राहिलेला ओलावा तेलाशी भिडून आम्ल होतं आणि कॉम्प्रेसर खातं. २०२५पासून नवी युनिटं आर-३२ किंवा आर-४५४बी या गॅसची येतात, दोन्ही थोडी ज्वलनशील, तेव्हा ही हयगय आणखीच वाईट.

बाहेरचं युनिट जमिनीवर टेकवू नका. बर्फाच्या थराच्या वर राहील असं स्टँडवर घ्या आणि बेस पॅन हीटर (तळाच्या ताटलीतला हीटर) मागा, नाहीतर डिफ्रॉस्टचं, म्हणजे मशीनवरचं बर्फ वितळवल्याचं, पाणी तळाशी गोठून पंख्याला लागतं. गरम करण्याची क्षमता वाचताना बाहेर ४७ अंश फॅरनहाइट असतानाचा आकडा सोडा, ५ अंशाचा बघा.

बिलाचं राहिलं. तेलाचा बॉयलर किंवा इलेक्ट्रिक बेसबोर्ड (भिंतीच्या तळाशी बसवलेले विजेचे हीटर) असेल तर बचत बहुधा ठळक दिसेल. नैसर्गिक गॅस असेल तर हिवाळ्यात फारशी नाही, कदाचित उलटंच; तुमचा विजेचा दर कळल्याशिवाय सांगता येणार नाही. अमेरिकी केंद्र सरकारची करसवलत ३१ डिसेंबर २०२५ला संपली, कोटेशनमध्ये ती अजून वजा दाखवली असेल तर खोडा. आणि बॉयलर चालू असेल तर पहिले दोन हिवाळे तो काढू नका.