‘बाबा गावाला गेलेत’ असं त्याला सांगू नकोस

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

दादाचे दिवस झाले, पाहुणे विरार-डोंबिवलीच्या गाड्या पकडून आपापल्या घरी गेले, आणि तुझ्या सात वर्षांच्या भाच्याचा प्रश्न तेवढा मागे राहिला : “आत्या, बाबा कधी येणार?” वहिनी अजून सावरलेली नाही. उत्तर तुलाच द्यावं लागणार.

सरळ दे. “बाबा वारले. त्यांचं हृदय बंद पडलं, डॉक्टरांना ते परत चालू करता आलं नाही. मेलेलं माणूस परत येत नाही.” जीभ अडखळेल, तरी हेच शब्द वापर. ‘झोपलेत’ म्हणालीस तर तो झोपायला घाबरेल, रात्री आईला हलवून हलवून बघेल. मी सहा वर्षांची असताना माझे वडील गेले. लालबागच्या आमच्या चाळीत सगळ्यांनी मला ‘गावाला गेलेत’ म्हणून सांगितलं. गणपती आटोपून कोकणातून माणसं परतायची तेव्हा मी गॅलरीत उभी राहून एकेक चेहरा बघायचे. दोन वर्षं. वडील गेल्याचं दुःख पुढे निवलं; घरचे सगळे आपल्याशी खोटं बोलले, हे अजून सलतं.

तो तेच पुन्हा विचारेल. चिडू नकोस, तेच उत्तर दे. मरण कायमचं असतं हे पाच-सहा वर्षांपर्यंत मुलांच्या ध्यानातच येत नाही. सातव्या वर्षी अर्धंमुर्धं कळतं. आणि एक गोष्ट तो विचारणारच नाही : मी हट्ट केला, बाबांवर रुसलो, म्हणून तर नाही ना झालं? ते तू आपणहून बोल. तुझ्यामुळे काही झालेलं नाही, असं स्वच्छ सांग.

नवव्या दिवशी खाली क्रिकेट खेळत होता म्हणून मामा म्हणाले ना, ‘पोराला काही कळत नाही’? कळतं गं. मुलांचं दुःख सरीसारखं येतं, मध्येच लख्ख ऊन पडतं. खेळू दे. मात्र ‘आता तूच घरातला कर्ता पुरुष’ असं कुणी म्हणालं, तर ते कितीही वडीलधारं असो, तिथेच गप्प कर. वाईटपणा माझ्या नावावर घाल.

शाळेत जायच्या आधी त्याच्या वर्गाच्या बाईंना भेट. ‘माझे बाबा’ हा निबंध कधीतरी येतोच. मीही एकदा न विचारता दिला होता. एका मुलाने कोरं पान आणून दिलं. ते पान अजून डोळ्यांपुढून जात नाही.

आठवडेच्या आठवडे जेवण-झोप बिघडलेली राहिली, शाळेचं नावच नको म्हणाला, तर मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे ने. ‘मला बाबांकडेच जायचंय’ म्हणायला लागला तर एक दिवसही थांबू नकोस. सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. तुझ्यासाठीही आहे तो.

हो, तू न्हाणीघरात नळ सोडून रडतेस म्हणालीस. त्याच्यासमोर रड. “मला दादाची आठवण आली” एवढं सांगितलंस की झालं.

दादा त्याला राणीच्या बागेत पेंग्विन दाखवायला न्यायचा ना? रविवारी विचारून बघ. नको म्हणाला तर दोघं घरीच बसा. काय झालं ते सोमवारी फोनवर सांग, मी दुपारी घरीच असते.

तुझ्या बाई