'फोर्स आउट'मधली सक्ती नेमकी कसली?

प्रश्न असा आहे : बेसबॉलमधल्या 'फोर्स आउट'ला मराठीत 'सक्तीचा बाद' म्हणावं का? आणि बेसला पाय लावून केलेला प्रत्येक आउट 'फोर्स आउट'च असतो का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : नाही. बाद कसं केलं, हे या शब्दातून कळत नाही. रनर (बेस म्हणजे मैदानावरच्या ठरलेल्या टप्प्यांवरून धावणारा खेळाडू) कुठल्या अडचणीत होता ते कळतं. बॅटरने (फलंदाजाने) फटका जमिनीवर मारला की तो स्वतःच रनर होतो आणि पहिल्या बेसकडे धावतो. एका बेसवर दोघांना राहता येत नाही, म्हणून तिथे आधीपासून असलेल्याला दुसरा बेस गाठावाच लागतो. दुसऱ्यावर कोणी असेल तर त्याला तिसरा. जागा सोडण्याची ही सक्ती असेपर्यंत रनरच्या अंगाला चेंडू लावावा लागत नाही. चेंडू हातात ठेवून पुढच्या बेसला पाय लावला की झालं. 'सक्तीचा बाद' मला खटकतो तो यामुळेच : त्यात सक्ती बाद होण्याची वाटते. 'फोर्स आउट'च लिहावं.

धावेचा हिशोब या सक्तीवरच ठरतो. तीन बेस पार करून होम प्लेटवर, म्हणजे बॅटर खेळतो तिथे, परत आलं की धाव होते, आणि तिसऱ्या आउटला संघाची फलंदाजीची पाळी संपते. तिसरा आउट फोर्स आउट असेल, तर त्या फटक्यावर कोणी आधीच होम प्लेटवर पोचला असला तरी धाव धरत नाहीत. बॅटर पहिल्या बेसआधीच बाद झाला तरी तेच. तिसरा आउट यापैकी नसेल, तर होम आधी गाठलं की आउट आधी झाला, ते बघतात.

आणि सक्ती मध्येच उठूही शकते. समजा एक आउट झालाय, पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर रनर आहेत. पहिल्या बेसवरच्या क्षेत्ररक्षकाने घरंगळता चेंडू अडवून आधी आपल्याच बेसला पाय लावला. बॅटर बाद. आता पहिल्यावरच्या रनरला जागा सोडायचं कारणच उरलं नाही, तो परतही येऊ शकतो. त्याला बाद करायला अंगाला चेंडू लावावाच लागेल, आणि तेवढ्यात तिसऱ्यावरचा होमवर पोचला तर धाव मिळते. तसंच झेल घेतला जाण्याआधी बेस सोडलेल्याचं : त्याला परत येऊन तो बेस शिवावा लागतो. मागे चेंडू फेकून त्याच्या बेसला पाय लावतात, त्यामुळे दिसायला फोर्स आउटच, पण सक्ती नव्हती. म्हणून त्याआधी होमवर आलेली धाव टिकते.

या नियमाने गाजलेला सामना २३ सप्टेंबर १९०८चा, न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवरचा. न्यूयॉर्क जायंट्स आणि शिकागो कब्ज हे संघ १-१, नववी म्हणजे शेवटची इनिंग (डाव), जायंट्सची फलंदाजी, दोन आउट. तिसऱ्यावर मूस मॅककॉर्मिक, पहिल्यावर १९ वर्षांचा फ्रेड मर्कल. अल ब्रिडवेलचा फटका मोकळ्या जागेत गेला, मॅककॉर्मिक होमवर पोचला, प्रेक्षक मैदानात घुसले. सामना जिंकलाच म्हणून मर्कल दुसऱ्या बेसला न शिवताच क्लबहाउसकडे वळला. कब्जच्या जॉनी एव्हर्सने चेंडू घेऊन दुसऱ्या बेसला पाय लावला (चेंडू तोच होता का, हा वाद अजून चालतो). अंपायर हँक ओ'डे यांनी मर्कलला बाद दिलं. तिसरा आउट, तोही फोर्स आउट, म्हणून मॅककॉर्मिकची धाव रद्द. सामना बरोबरीत सुटला, ८ ऑक्टोबरला पुन्हा खेळवला गेला आणि कब्ज ४-२ने जिंकले.

मर्कलला मराठीत 'धावबाद' म्हटलं, तर मॅककॉर्मिकची धाव का गेली हे वाचणाऱ्याला उमगणारच नाही. क्रिकेटमध्ये धावबाद होण्याआधी पूर्ण झालेल्या धावा शाबूत राहतात.