चार सेकंद मोजू नका, वजन खाली कसं येतं ते बघा

तुम्ही लिहिलंय की आठ महिने जिम चालू आहे, दंड मात्र वाढत नाहीत. ट्रेनर सांगतो चार सेकंदांत वर, चार सेकंदांत खाली. मित्र म्हणतो झपाझप मार. मी चौदा वर्षं वजनं उचलतोय आणि दोन्ही प्रकार मनापासून करून पाहिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वेगाचं. 2015 साली व्यायामावर संशोधन करणारे ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी तोवर झालेले अभ्यास एकत्र तपासले. एक रेप (वजन एकदा वर नेऊन खाली आणणं) अर्ध्या सेकंदात झाला काय नि आठ सेकंदांत झाला काय, सेट (न थांबता सलग मारलेले रेप) पार दमेपर्यंत नेला असेल तर स्नायूंची वाढ साधारण सारखीच दिसली. दहा सेकंदांच्या पुढे मुद्दाम रेंगाळणं मात्र तोट्याचं ठरतं. इतकं हळू करायचं तर वजन फारच उतरवावं लागतं. शरीर आधी छोट्या स्नायुतंतूंवर काम भागवतं. मोठे, जास्त वाढू शकणारे तंतू भार जड झाला किंवा दम निघाला की मगच कामाला लागतात. मी सहा महिने अतिसंथ कर्ल मारले, म्हणजे कोपर दुमडून डंबेल खांद्याकडे नेण्याचा व्यायाम. 14 किलोच्या डंबेलवरून 8 वर आलो. दंडात आग व्हायची, रोज वाटायचं आज खरा व्यायाम झाला, आणि टेपवर आकडा जिथल्या तिथे.

म्हणून तुमचा मित्र बरोबर, असंही नाही. बहुतेक जण झपाझप मारतात तेव्हा वजन दंड उचलत नाही, कंबर उचलते. कर्लच्या सुरुवातीला पाठ जराशी मागे जाते, झोका मिळतो, कोपर पुढे सरकतं, आणि अर्ध्यापर्यंत डंबेल आपोआप येतो. खाली येताना तर तो नुसता पडतो. खरं तर उतरताना स्नायू उचलतानापेक्षा जास्त भार पेलू शकतो, आणि तोच भाग आपण फुकट घालवतो. वर नेताना जोर लावा, बिनधास्त वेगाने न्या, पण झोका नको. खाली दीड-दोन सेकंद धरून आणा. एवढं पुरे, घड्याळ कशाला?

सगळ्यात जास्त लक्ष मी तळाकडे देतो, जिथे स्नायू पूर्ण ताणलेला असतो. जपानमधल्या एका प्रयोगात लोकांनी 12 आठवडे एका हाताने ट्रायसेप्सचा (दंडाच्या मागच्या स्नायूचा) व्यायाम डोक्यावर हात नेऊन केला, दुसऱ्या हाताने कोपर अंगालगत ठेवून. डोक्यावरच्या हाताला वजन कमी होतं, तरी वाढ त्याचीच जास्त झाली. कर्लमध्ये हात पूर्ण सरळ न करता वरच्या वर हलवणारे हाच भाग सोडून देतात. तुमचाही सुटत असेल असा माझा दाट संशय आहे.

आणि सेट कुठे थांबवता? शेवटचे दोन-तीन रेप, पूर्ण जोर लावूनही, आपसूक मंदावले पाहिजेत. मुद्दाम केलेला संथपणा वेगळा आणि हा वेगळा. दंड या दुसऱ्याने वाढतात. बारावा रेप पहिल्याइतकाच सहज जात असेल तर वजन वाढवायची वेळ झाली. कोपरात किंवा मनगटात टोचलं तर मात्र तिथेच थांबा.

उद्या एका सेटचा व्हिडिओ काढा. बाजूने काढा, समोरून कंबरेचा झोका दिसत नाही.