चौदा लाखांचा कयाक

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी सुतार, वय ३९. कोल्हापुरात पाचगाव रोडला भाड्याची शेड, हाताखाली दोन पोरं. किचन ट्रॉली, वॉर्डरोब, देव्हारे अशी ऑर्डरची कामं करतो. चार वर्षांपूर्वी नादानं एक लाकडी कयाक (वल्ह्यानं चालवायची लांब, अरुंद होडी) बांधला, गेल्या वर्षी तीन विकले. आता १४ लाखांचं कर्ज काढून मोठी शेड आणि मशिनं घ्यावी, ऑक्टोबर ते फेब्रुवारी फक्त कयाक करावेत, वर्षाला दहा, असं डोक्यात आहे. ओळखीची पतसंस्था १३ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी द्यायला तयार आहे. तारण गारगोटीचं वडिलांचं घर. काढू का?

भाऊ, आधी एक कबुली. तुम्ही पाठवलेले कयाकचे फोटो मी कामाच्या वेळेत तीनदा उघडून बघितले. नाद खुळा काम आहे. म्हणूनच उत्तर लिहायला चार दिवस लावले, कारण फोटो बघून सल्ला दिला असता तर तो चुकला असता.

पत्र तुमचं असलं तरी त्यातले आकडे वहिनींच्या वहीतले दिसतात. तासांचासुद्धा हिशोब ठेवणारं माणूस माझ्याकडे येणाऱ्या कारागिरांत क्वचितच भेटतं. त्या वहीवरच हे सगळं उत्तर उभं आहे.

वही म्हणते, गेल्या वर्षी तुम्ही सुमारे २,२२० तास राबलात. त्यातले १,८०० तास फर्निचरला गेले. माल, पोरांचा पगार, भाडं, वीज जाऊन त्यातून ७ लाख २० हजार उरले, म्हणजे तासाला ४०० रुपये. कयाकला प्रत्येकी १४० तास लागले. विक्री ९५ हजारांना, प्लाय, इपॉक्सी (लाकडावर चढवायचं, वाळून कडक होणारं रसायन), काचेचं कापड वगैरे माल ४६ हजारांचा, उरले ४९ हजार. तासाला ३५०. त्यातही शेडचं भाडं कयाकच्या माथी मारलेलंच नाही, आणि सतरा फुटांची वस्तू महिनाभर शेडमध्ये आडवी पडून राहते ती जागाही फुकट धरलेली आहे.

आता तुमचा बेत याच आकड्यांवर चालवून बघू. दहा कयाक म्हणजे १,४०० तास. फर्निचरला उरतात ८२० तास, त्याचे ३ लाख २८ हजार. कयाकचे ४ लाख ९० हजार. बेरीज ८ लाख १८ हजार. गेल्या वर्षी दोन्ही मिळून तुम्ही ८ लाख ६७ हजार कमावलेत. म्हणजे दहाच्या दहा विकले गेले तरी कमाई घटते, आणि त्या घटलेल्या कमाईतून महिन्याला साधारण ३१,८५० रुपये हप्ता जायचा. वर्षाचे ३ लाख ८२ हजार. हातात राहिले ४ लाख ३६ हजार. तुमचा घरखर्च महिना ३८ हजारांप्रमाणे ४ लाख ५६ हजार आहे. म्हणजे सगळं मनासारखं झालं तरी वर्षाला वीस हजारांचा खड्डा, आणि वडिलांचं घर तारण.

तेव्हा १४ लाखांच्या या कर्जाला माझं उत्तर नाही असं आहे. पण गोष्ट इथं संपत नाही, कारण वहीत अजून एक पान आहे आणि मला तेच सगळ्यात मोलाचं वाटलं.

जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत फर्निचरमधून तुम्हाला एकूण ५५ हजार मिळाले. ४०० रुपये ही वर्षाची सरासरी झाली. श्रावणातला तास आणि आश्विनातला तास एका भावाचा नसतो. दसऱ्याच्या आधी गिऱ्हाईक फोनवर फोन करतं, दिवाळीला किचन हवंच म्हणतं, गुढीपाडवा आणि अक्षय्यतृतीयेच्या सुमाराला वास्तुशांतीवाले रांगेत असतात. त्या दिवसांत तुमचा तास ४०० ला नाही, त्याच्या कितीतरी वर जातो. आषाढ लागला की पॉलिश पांढरं पडतं, प्लाय फुगतो, साइटवर प्लास्टर वाळत नाही, आणि दोन पोरांचा पगार मात्र चालू राहतो. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की अख्खं कोल्हापूर पंचगंगेचं पाणी बघायला जातं, तसे तुम्हीही जात असाल. शेडमध्ये काम कुठं असतं?

आणि तुमचा बेत काय आहे? सगळ्यात महाग तासांत कयाक बांधायचा आणि सगळ्यात स्वस्त तासांत बसून राहायचं. तो उलटा करा. हाच कयाक कार्तिकात बांधला तर त्यासाठी एक अख्खं किचन सोडावं लागतं. श्रावणात बांधला तर जवळजवळ काहीच सोडावं लागत नाही. तिथं ३५० रुपये तास म्हणजे निव्वळ वरकमाई.

तुम्ही लगेच म्हणाल, पावसाळ्यात इपॉक्सीचं काम होत नाही म्हणूनच हिवाळा धरलाय. बरोबर आहे. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो, तो पाण्यानं धुऊन घासून काढल्याशिवाय पुढचा हात दिला तर पापुद्रा सुटतो. ओला प्लाय आतल्या आत बंद झाला तर ते आणखी वाईट. पण याचा इलाज तुमच्याच कोटेशनमध्ये आहे: पॅनेलचं बंदिस्त दालन, डिह्युमिडिफायर (हवेतला दमटपणा ओढणारं मशीन), एक्झॉस्ट, मिळून ९० हजार. १४ लाखांतली ही सगळ्यात छोटी रक्कम, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची. जूनपासून सप्टेंबरपर्यंत चार कयाक, म्हणजे ५६० तास, रोजचे साडेपाच तास धरले तरी बसतात. पितृपक्षात तसंही कुणी नवी ऑर्डर देत नाही, तेव्हा पॉलिश पेपर मारत बसा. वॉर्निशचा शेवटचा हात दिवाळी उरकल्यावर, कोरड्या हवेत. डिसेंबरच्या सुट्टीआधी माल तयार.

उरलेल्या १३ लाख १० हजारांत तीन वेगवेगळे निर्णय एकत्र बांधलेत, ते सोडवू.

दहा कयाकचा माल ४ लाख ६० हजारांचा, तो काढून टाका. इपॉक्सीला मुदत असते, आणि न विकलेल्या कयाकचा माल उधारीवर भरून ठेवणं याला धंदा म्हणत नाहीत. त्याऐवजी नोंदणीच्या वेळी निम्मे पैसे घ्या. आणि किंमत १ लाख २० हजार करा. निम्मे म्हणजे ६० हजार, त्यात एका कयाकचा माल येऊन वर थोडे उरतात. १ लाख २० हजाराला उरतात ७४ हजार, तासाला जवळजवळ ५३०. गिऱ्हाईक पळेल असं वाटतं का? तुमचे तीन गिऱ्हाईक आठवा. कोल्हापूरचे डॉक्टर आणि पुण्याचा तो हौशी माणूस, दोघांनी किंमत विचारायच्या आधी लाकूड कुठलं ते विचारलं, असं तुम्हीच लिहिलंय. घासाघीस केली ती देवबागच्या रिसॉर्टवाल्यानं, आणि वाळूवरून फरफटत नेऊन तळ खरवडल्याची तक्रारही त्याचीच. त्याला प्लास्टिकचाच कयाक हवा आहे, त्याच्या जागी मीही तोच घेतला असता. जलक्रीडा पावसाळ्यात बंद, उरलेल्या महिन्यांत रोज वीस पर्यटक त्यात चढणार-उतरणार. तारकर्ली-मालवणच्या रिसॉर्टांच्या भरवशावर दहाचा आकडा धरला असेल तर तो विसरा. हौशी माणसं वर्षाला चार मिळणं अवघड नाही. दहा मिळतील याचा पुरावा अजून तुमच्याकडे नाही.

नव्या शेडची अनामत आणि बांधकाम, ३ लाख. भाडं कमी आहे, शिरोली पुलाच्या अलीकडे आहे, आणि मालक म्हणतो पाणी कधी येत नाही. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४३ फूट असताना. शिरोलीजवळ महामार्ग दोन्ही वर्षी बंद पडला होता. मालकाला विचारू नका, शेजारच्या चहावाल्याला विचारा, तो भिंतीवरची रेघ दाखवेल. प्लाय आणि मशीन एका रात्रीत पाण्यात जातं. पाचगाव उंचावर आहे, तिथंच राहा. आहे त्या शेडचा मात्र विमा उतरवा: भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची प्रमाणित पॉलिसी आहे, तीत पूर, वादळ, आग येते. गिऱ्हाइकाचा अर्धवट मालही त्यात धरता येईल का ते लेखी विचारून घ्या.

राहिली मशिनं. जुनी पॅनेल सॉ (प्लायचे तक्ते कापायची करवत) आणि एज बँडर (कडेला पट्टी मारायचं मशीन), साडेपाच लाख. ही मात्र घ्या. उद्यमनगरात कटिंग आणि पट्टी मारून आणायला तुम्ही वर्षाला २ लाख १० हजार घालवता, टेम्पोची ये-जा वेगळी. वीज, ब्लेड, गोंद जाऊन १ लाख ४० हजार वाचतात असा तुमचा अंदाज आहे आणि तो मला वाजवी वाटतो. दीड लाख स्वतःचे घाला, ४ लाख बँकेकडून. १२ टक्क्यांनी चार वर्षांना हप्ता साधारण १०,५३० येतो, वर्षाला १ लाख २६ हजार. मशीन स्वतःचा हप्ता स्वतः फेडतं. पण एक बघा: तुमच्या मूळ बेतात ऑक्टोबर ते फेब्रुवारी फर्निचर बंद होतं. म्हणजे पट्टी मारायचं मशीन ऐन दिवाळीत झाकून ठेवून तुम्ही शेजारी इपॉक्सी ओतत बसला असता!

कर्जाचा क्रम चुकवू नका. कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यात सुतारही आहे आणि होडी बांधणाराही. (यादी करणाऱ्याला तुमचं घर माहीत होतं की काय.) पहिला टप्पा १ लाख, १८ महिने, व्याज ५ टक्के, तारण नाही. हप्ता ५,८०० च्या आत. अवजारांसाठी १५ हजार वेगळे. तुमचं ९० हजारांचं कोरडं दालन यातच होतं. पण गेल्या पाच वर्षांत मुद्रासारखं सरकारी योजनेचं कर्ज घेतलेलं असून ते फिटलेलं नसेल, तर विश्वकर्मा मिळत नाही. म्हणून आधी विश्वकर्मा, मग मशीनचं कर्ज, आणि ते मुद्रातून घ्यायचं की साधं, हे बँकेत विचारून.

आता त्याच पतसंस्थेतली तुमची ६ लाखांची ठेव. तिथले लोक चांगले आहेत, मान्य. पण बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ५ लाखांपर्यंत ठेव विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. जिथं ठेव आहे तिथूनच कर्ज आणि तिथंच घराचे कागद, म्हणजे सगळी अंडी एका टोपलीत आणि टोपलीही त्यांचीच. मुदत संपेल तसे पैसे बँकेत आणा. दीड लाख मशीनला. २ लाख ६५ हजार वेगळे, पावसाळ्याचे: तीन महिन्यांचा घरखर्च, भाडं आणि दोन पोरांचा पगार यांची बेरीज तेवढी होते, काही काम आलं नाही असं धरून. उरलेले १ लाख ८५ हजार बँकेतच राहू द्या, मुलाच्या बारावीपर्यंत अजून सहा वर्षं आहेत, त्याची एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक गुंतवणूक) पुढच्या वर्षी मशीन रुळल्यावर बघू.

एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीत, मला ती सगळ्यात जास्त खुपली. जुलैत दिवाळीच्या कामांचे २ लाख ४० हजार अॅडव्हान्स आले, ते घरात खर्च झाले, आणि ऑक्टोबरला टिंबर मार्केटमधून प्लाय उधारीवर, चढ्या भावानं उचलला. माझ्या स्वतःच्या घराचं फर्निचर दिवाळीऐवजी संक्रांतीला आलं होतं. तेव्हा कळलं, माझा अॅडव्हान्स कुणा तिसऱ्याच्याच वॉर्डरोबमध्ये बसलाय. ॲडव्हान्ससाठी वेगळं खातं उघडा, त्याचं एटीएम कार्ड वहिनींकडे. त्यातून फक्त त्या कामाचा माल. मजुरीचा वाटा काम पोचल्यावरच घरच्या खात्यात.

गोव्याहून दोन चौकशा आल्यात असं म्हणता. परराज्यात माल विकायचा तर उलाढाल कितीही असो, सहसा जीएसटी नोंदणी लागते, आणि कंपोझिशन (छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या जीएसटी) योजनेत राहून परराज्यात विकता येत नाही. तुमची उलाढाल २८ लाख ८५ हजार आहे. बसवून दिलेलं किचन वस्तू धरायचं की सेवा, यावर नोंदणीची मर्यादा ४० लाख की २० लाख हे ठरतं. शिवाय नौकेचा दर फर्निचरपेक्षा वेगळा असू शकतो. गोव्याला भाव कळवायच्या आधी सीएला हजार-दोन हजार देऊन हे लेखी घ्या.

विम्याचं एकच. वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना (अपघात विमा) आहे ते ठीक, पण हाताचं बोट तुटलं तर ती काही देत नाही. सुताराचं उत्पन्न बोटांत असतं. काम बंद राहिलेल्या आठवड्यांची भरपाई देणारी अपघात पॉलिसी घ्या, नव्या करवतीच्या आधी.

शेडवाल्याला अजून टोकन दिलं नाही असं पत्रात आहे, ते देऊ नका. विश्वकर्माची नोंदणी सीएससी (सरकारी सेवांच्या) केंद्रावर अंगठा लावून होते. आधार, रेशन कार्ड, पासबुक घेऊन याच आठवड्यात जा, म्हणजे जूनच्या आत दालन उभं राहील. आणि पहिल्या कयाकला जागा नीट मोजून ठेवा. सतरा फुटांचा कयाक वीस फुटांच्या दालनात बसतो, पण तुमच्या शेडचं दार किती रुंद आहे ते पत्रात कुठं लिहिलेलं नाही.